बावीस जणांची सही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी एक छापखाना होता. तो बंद पडला तेव्हा रहिवासी मंडळाने ती जागा भाड्याने घेतली आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना दिवसभर बसायची सोय केली. कामावर जाणारी माणसं सकाळी आपापलं म्हातारं माणूस तिथे सोडत आणि संध्याकाळी घेऊन जात. मंडळाच्या पाटीवर मोठं लांबलचक नाव होतं. आम्ही नुसतं 'खोली' म्हणायचो.

खोलीचं भाडं आणि मावशीचा पगार सरकारी अनुदानातून व्हायचा. मावशी म्हणजे तिथली मदतनीस. वयाने माझ्या लेकीएवढी, पण सगळे तिला मावशीच म्हणत. एका हाताने माणूस उठवून बसवायची आणि दुसऱ्या हाताने त्याच्या सदऱ्याचं बटण लावायची. तिच्याशिवाय खोली म्हणजे चार भिंती. आम्ही बाकीचे सगळे एकमेकांना धरून उभे राहणारे, एक कलंडला की दुसरा त्याच्यावर.

माझी धाकटी जाऊ पहिल्या दिवसापासून तिथे यायची. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण डोकं माझं शाबूत राहिलं आणि तिचं विरत गेलं. आधी किल्ल्या विसरायची, मग रस्ते, मग आपला नवरा गेला आहे हेसुद्धा. एकदा गॅस चालू ठेवून जिन्यात जाऊन बसली. एकदा पार शेवटच्या बसडेपोत सापडली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. घरात ती आणि तिचा मुलगा, दोघंच. तो टायरच्या कारखान्यात शिफ्टवर जातो. खोली सुरू व्हायच्याच आठवड्यात, डेपोच्या प्रकारानंतर, तो माझ्याकडे आला आणि दारातच उभा राहिला.

"मोठी आई, शहराबाहेर एक संस्था बघितलीय. तिथे ठेवून घेतात."

"म्हणजे तिला टाकणार?"

"टाकणार कशाला म्हणतेस? मी कामावर असताना ती पेटली-बिटली तर?"

त्याच्या डोळ्याखाली काळं झालं होतं. मी आवाज खाली आणला. "खोली आहे तोवर संस्थेचं नाव काढू नकोस."

"खोली आहे तोवर नाही काढत," तो म्हणाला, आणि तो शब्दाला पक्का होता.

खोलीत धाकटीचं बरं चालायचं. ती खिडकीपाशी बसून रुमालांच्या घड्या घालायची. संपल्या की मावशी हळूच त्या मोडून पुन्हा तिच्यापुढे ठेवायची. "बाई गं, किती काम पडलंय," असं म्हणत ती खुशीत पुन्हा सुरू करायची.

अनुदानाची एक अट होती. हजेरीच्या वहीत रोज ज्याने त्याने आपल्या हाताने सही करायची. पहिल्या वर्षी बहुतेकांनी अंगठे उठवले. वर्षअखेरीला ऑफिसचा शेरा आला, की अंगठ्यावरून माणूस ओळखता येत नाही, शक्यतो सह्या घ्याव्यात.

आमचा सेक्रेटरी रिटायर झालेला बस कंडक्टर. सगळे त्याला कंडक्टरच म्हणत. त्याने शेरा वाचला आणि म्हणाला, "सरकार शक्यतो म्हणतं तेव्हा ते नक्की म्हणत असतं. शिकवा ह्यांना कुणीतरी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वतः एकसष्टाव्या वर्षी लिहायला शिकले. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली, तिथे कुठली चादर कुठल्या वॉर्डची ते दोऱ्याच्या रंगावरून ओळखायचं, अक्षराची गरज पडली नाही. काम सुटल्यावर खालच्या मजल्यावरच्या पेंटरने मला शिकवलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्यामुळे त्याचं लिहिणंही पाटीसारखं. आधी पेन्सिलीने दोन रेघा, त्यांच्यामध्ये नीट मापात बसवलेली अक्षरं, उभा भाग जाड, आणि शेवटी नावाखाली एक आडवी रेघ, टोकाला जराशी वर उचललेली. "रेघ वर गेली की धंदा वर जातो," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. लिहिणं असंच असतं असं मला वाटलं. दुसऱ्या कुणाचं अक्षर मी जवळून पाहिलंच नव्हतं.

मी औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले. प्रत्येकाचं नाव पेन्सिलीने काढून द्यायची आणि त्यांनी त्यावरून गिरवायचं. काही जण लहानपणी शाळेत गेलेले होते, पण चाळीस-पन्नास वर्षांत पेन धरलेलं नाही, म्हणून तेही गिरवायला बसले. आमच्यात एक फौजदारीण होती. तिच्या घराण्यात फौजदार कुणी झाला नव्हता, पण ती सगळ्यांना दटावायची म्हणून हे नाव. ती म्हणाली, "मी चौथी पास आहे, मला नको शिकवूस." दुसऱ्या दिवशी पुठ्ठा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "ती खालची रेघ तेवढी दाखव गं. रुबाबदार दिसते."

चार महिन्यांत बावीसच्या बावीस जण सही करायला लागले. धाकटीला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण एकदा हातात बसली ती बसलीच. जेवलो की नाही ते तिला आठवायचं नाही, पण पेन हातात दिलं की हात आपला आपण चालायचा आणि शेवटी रेघ अलगद वर जायची.

पुढे दोन वर्षं वही सह्यांनी भरत गेली. मग एक दिवस पत्र आलं. कंडक्टर चष्मा घरी विसरला होता, म्हणून त्याने ते माझ्या हातात दिलं. मी मोठ्याने वाचू लागले. "हजेरीपटावरील सर्व सह्या एकाच व्यक्तीच्या हस्ताक्षरातील असल्याचे सकृद्दर्शनी दिसून येते." तिथे मी थांबले. पुढे लिहिलं होतं की येत्या नवव्या दिवशी अधिकारी खोलीत येऊन प्रत्येकाची सही समक्ष घेतील, तोवर अनुदान थांबवलं आहे.

मी वही उघडली. बावीस नावं एकाखाली एक, सगळी एकाच मापाची, प्रत्येकाखाली तीच रेघ. त्या दिवसापर्यंत मला ते पान सुंदर वाटत आलं होतं.

संध्याकाळी खोलीतच मीटिंग झाली.

"खरं ते सांगून टाकू," मी म्हटलं. "मी शिकवलं म्हणून सारखं आलं."

"कोण ऐकणार?" कंडक्टर म्हणाला. "सव्वीस वर्षं गाडीवर काढली मी. तिकीट काढलं होतं पण वाऱ्याने उडालं, असं सांगणारे पोत्याने भेटले. त्यात दोन-चार खरे असतीलच. सोडलं का मी कुणाला?"

"नाही सोडलंत," आमच्यातला म्हातारा शिंपी म्हणाला. "मला कुठे सोडलंत?"

सगळे हसले. कंडक्टरही हसला, पण लगेच गंभीर झाला. "साहेब समोर बसून सह्या घेणार. त्याच्यासमोर पुन्हा सगळ्या एका साच्यातल्या निघाल्या तर मेलो आपण. प्रत्येकाची वेगळी दिसली पाहिजे. आठ दिवस आहेत."

वहीतल्या जुन्या सह्यांचं काय, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नाही. मलाही नाही. शाळेत मास्तरांनी ओरडावं की तुम्ही सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलंय, तशी आमची गत झाली होती. सह्या सारख्या आहेत ही आमची चूक, आणि ती साहेब यायच्या आत सुधारायची, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. शिकवणारी मी. म्हणजे मोडायचंही मीच.

मी मोडलं. शिंप्याला बारीक अक्षर दिलं, टाके घातल्यासारखं. फौजदारीणबाईंना शेवटचं अक्षर मोठं काढायला सांगितलं. एकाला तिरकं, एकाला गोल. कंडक्टर पाठीमागे हात बांधून रांगांमधून फिरायचा. "खालची रेघ कुणी ओढायची नाही! रेघ दिसली की गाडीतून खाली!" नाव संपलं की हात आपोआप रेघेकडे वळायचे आणि मध्येच थबकायचे. फौजदारीण एकदा स्वतःच्याच मनगटावर चापट मारून म्हणाली, "मेलं, कुत्र्यासारखं पळतंय तिकडेच."

धाकटीला मात्र बदलता येईना. मी दोन दिवस प्रयत्न केला. पुठ्ठ्यावर वेगळं नाव काढून दिलं, ती त्याच्यावरून न गिरवता शेजारी आपली नेहमीची सही करायची. तिसऱ्यांदा पुठ्ठा बदलला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "जाऊबाई, माझं चुकतंय का?"

"नाही गं. बरोबर आहे."

"मग सारखं का करायला लावताय?"

मी पुठ्ठा उचलून ठेवला. बावीसात माझ्याबरोबर आणखी एक तशी राहिली तर काय बिघडतंय, असं मनाशी म्हटलं.

नवव्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या. तरुण होत्या, बोलायला नम्र. पाणी दिलं तर आभार मानले. टेबलाशी बसल्या, वही उघडली, आणि एकेकाला बोलवायला लागल्या. पहिला शिंपी गेला. त्याने नवी बारीक सही अगदी झोकात केली. बाईंनी ती पाहिली, वहीत त्याचं नाव शोधलं, दोन्हींवरून नजर फिरवली आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग दुसरा. मग तिसरी. दर वेळी ही सही, मग वही, मग कागद.

पाचवा उठला तेव्हा मला कळलं. बाई त्यांना एकमेकांशी ताडून बघतच नव्हत्या. ज्याची त्याची सही ज्याच्या त्याच्या जुन्या सहीशी ताडत होत्या. बाकावर आम्हा दोघी जावांखेरीज अजून पंधरा जण बसले होते, आपापली नवी सही हवेत बोटाने घोटत. मी कंडक्टरकडे पाहिलं. त्याचंही तोंड उतरलेलं. उठून ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडायचं? अरे, जुनी करा? बाईंच्या समोर? मी तशीच बसून राहिले आणि एकेक माणूस जाऊन आपल्या हाताने आपली सही खोटी पाडून येत राहिला. फौजदारीण तर परत येताना माझ्याकडे बघून डोळा मिचकावून आली.

मीही जाऊन सही केली. साच्यातली एक राहिली तर चालेल म्हणून माझी मी बदललीच नव्हती, त्यामुळे ती जुळली. शेवटी धाकटी राहिली. मावशीने तिला खुर्चीत बसवलं. तिने पेन घेतलं, नेहमीसारखं नाव काढलं आणि खाली रेघ ओढून टोक उचललं.

"ह्यांचीही जुळते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी धाकटीच्या सहीवर आणि वहीच्या पानावर पुन्हा नजर टाकली. सगळ्या पानावर तीच रेघ होती. त्यांनी वही तिच्याकडे फिरवली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "आजी, ह्या सगळ्या सह्या तुम्ही केल्यात का?"

धाकटी पानावर वाकली. वरून खालपर्यंत बोट फिरवलं. तिचा चेहरा फुलला.

"हो, माझ्याच आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या. छान आल्यात ना?"

मग एकच गलका झाला. मी टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं, पेंटरपासून पुठ्ठ्यांपर्यंत. बोलता बोलता मलाच ते बनवून सांगितल्यासारखं वाटायला लागलं. फौजदारीण मध्येच घुसली. "अहो बाई, तिचं काय घेऊन बसलात? तिला काही विचारा, ती हो म्हणते. काल इथे हत्ती आला होता का विचारा, हो म्हणेल!"

बाईंनी खरंच विचारलं. "आजी, काल इथे हत्ती आला होता का?"

धाकटीने त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. "हत्ती? ह्या एवढ्याशा दारातून कसा येईल बाई?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

शिंप्याने पुढे होऊन पेन उचललं. "थांबा, मी जुनी करून दाखवतो." त्याने केली. पहिल्या फटक्यात, रेघेसकट. ती वहीशी तंतोतंत जुळली. शिंप्याचा जीव भांड्यात पडला. "बघा."

बाईंनी दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. "आजोबा, मघाची तुमचीच आणि आत्ताचीही तुमचीच?"

"दोन्ही माझ्याच."

"आठ दिवसांत तुम्ही नवी सही शिकलात. उद्या तिसरी शिकाल. मग वहीतली तुमचीच, हे मी कशावरून म्हणू?"

शिंप्याने पेन खाली ठेवलं. मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आजी, मी बघितलं तेवढं लिहिते. मला काय वाटतं त्याला ह्या कागदावर रकाना नाही."

तीन आठवड्यांनी अनुदान रद्द झाल्याचं पत्र आलं. मी आणि कंडक्टर ऑफिसात गेलो. खिडकीतला माणूस भला होता, त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या. अपील करता येतं म्हणाला, फॉर्म दिला, भरायलाही मदत केली.

"सुनावणी कधी?" कंडक्टरने विचारलं.

"सहा-सात महिने धरा."

"आणि तोवर ही माणसं दिवसभर कुठे बसवायची?"

"ते आमच्या विभागाकडे येत नाही, काका."

कंडक्टरला मी आयुष्यभर वाद घालताना पाहिलं होतं. त्या दिवशी त्याने फॉर्मची पोच घडी करून खिशात ठेवली आणि तो बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. उतरताना म्हणाला, "माझी अक्कल होती ती. तुम्ही खरं सांगू म्हणत होतात."

"शिकवलं तर मीच ना," मी म्हटलं. दोघांनाही त्याने काही हलकं वाटलं नाही.

मावशी पगाराशिवाय पंधरा दिवस येत राहिली. मग मीच तिला म्हटलं, तुला दोन मुलं आहेत, जा. ती खिडकीपाशी जाऊन धाकटीच्या रुमालांच्या घड्या मोडून ठेवून गेली. महिनाअखेरीला मालकाने कुलूप लावलं.

धाकटीला मी घरी आणलं. मी लेक-जावयाबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहते. दोघं दिवसभर कामाला. पुतण्याने काही म्हणायच्या आत मीच म्हटलं, मी सांभाळते. अकरा दिवस सांभाळलं. रोज सकाळी ती पिशवी घेऊन दारात उभी राहायची, उशीर झाला उशीर झाला म्हणून. मी कडी लावायची, ती दार हलवत राहायची. बाराव्या दिवशी कडी नीट बसली नव्हती. मी बाहेर धावले तर ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडलेली. हाड मोडलं नव्हतं, पण उठता येईना. मी तिला काखेत हात घालून उचलायला गेले आणि माझेच गुडघे दुमडले. हाका मारल्या, दुपारची वेळ, बिल्डिंगमध्ये कुणी नाही. दोघी तिथेच भिंतीला टेकून बसलो. लेक येईपर्यंत चार तास. धाकटी मजेत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या मांजरीला हाक मारत होती, आम्ही कुठे फिरायला आलोय असं धरून मला विचारत होती, "इथली हवा बरी आहे, नाही?"

रात्री पुतण्या आला. त्याने संस्थेचं नाव काढलं नाही. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "पत्ता कुठे ठेवलायस?"

"खिशातच आहे," तो म्हणाला. आणि मग तो एवढा दांडगा माणूस तोंड झाकून रडला.

संस्था वाईट नव्हती. स्वच्छ होती, फरशी नुकती पुसलेली. तिथल्या बाईंनी तिची पिशवी घेतली. मी सांगत सुटले. उजव्या कुशीवर झोपते. चहा गार करून द्या, भाजून घेते. अंधाराला घाबरते, एखादा दिवा राहू द्या.

"दिवे सगळ्यांचे नऊला बंद होतात," बाई म्हणाल्या. "सवय होते. आणि पहिला महिना भेटायला येऊ नका. आपलं माणूस दिसत राहिलं की रुळत नाहीत."

पुतण्याने मान हलवली.

धाकटी माझा हात धरून उभी होती. "जाऊबाई, आपण कधी निघायचं?"

"थोड्या वेळाने."

"बरं."

बाईंनी तिला कोपराला धरून आत नेलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. लांब बोळातून जाताना तिचा आवाज तेवढा ऐकू येत होता. ती त्या बाईंना सांगत होती, "माझी जाऊ बाहेर उभी आहे हो. तिचे गुडघे दुखतात. तिला कुणीतरी खुर्ची द्या."